सहा इंच तार

काकूंचं लाटणं खालून छताला लागलं की आमच्या जमिनीतून धप्प असा आवाज यायचा आणि टेबलावरचा सोल्डरिंगचा स्टँड थरथरायचा. धप्प म्हणजे टीव्हीत पट्टे आले. हा आमचा ठरलेला निरोप होता, आणि २००४ च्या त्या मार्च महिन्यात मला त्याचा इतका राग यायचा की मायक्रोफोनचं बटण सोडायच्या आधी मी ते एक सेकंद मुद्दाम जास्त दाबून ठेवायचे.

काका-काकू म्हणजे आमचे घरमालक. पिस्कॅटवेमधल्या त्यांच्या दुमजली घराचा वरचा मजला आमच्याकडे भाड्याने होता. ते मूळचे पुण्याचे, पण अमेरिकेत येऊन पंचवीस वर्षं झालेली. मी नागपूरची, येऊन तीन वर्षं झालेली. काका घराला आणि लॉनला जिवापाड जपायचे. काकू आठवडाभर एका दुकानात उभ्या राहून काम करायच्या आणि रविवारी सकाळी अकरा ते बारा टीव्हीसमोर बसायच्या. घरात केबल नव्हती. टीव्हीच्या डोक्यावर दोन काड्यांची अँटेना होती, आणि एका लोकल चॅनेलवर त्या तासाला जुनी हिंदी गाणी लागायची. काकूंचा स्वतःचा म्हणावा असा आठवड्यातला तेवढाच तास. नेमकं तेव्हाच मी वरून बोलायला लागले की गाणाऱ्या नटीच्या चेहऱ्यावरून आडवे पट्टे सरकत जायचे.

मी काय बोलत होते आणि कोणाशी, ते सांगायला हवं. माझ्याकडे हौशी रेडिओचा परवाना होता. नवरा इथे एका कंपनीत प्रोग्रॅमर होता, आणि मी त्याची डिपेंडंट. हा शब्द मी लावलेला नाही, तो माझ्या प्रत्येक कागदावर छापलेला होता. नागपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चार वर्षं नोकरी केलेल्या बाईला अमेरिकेत नोकरी करायला बंदी, पगार घ्यायला बंदी. ओळखीच्या बायका म्हणायच्या, अगं, मजा आहे तुझी, आराम कर. मला आराम करायचा नव्हता. आराम करून करून माझं डोकं फिरायची वेळ आली होती.

लायब्ररीत एकदा हौशी रेडिओचं पुस्तक हाती लागलं आणि त्यातला एक नियम वाचून मी तिथेच मोठ्याने हसले. या रेडिओवर बोलण्याचे पैसे घ्यायचे नाहीत, हा त्याचा मुख्य नियम. म्हणजे अमेरिकेच्या कायद्याचं आणि माझं अखेर एका ठिकाणी पटलं. मी अभ्यास केला, मोर्स शिकले, परीक्षा दिल्या. फॉर्मवर मधल्या नावाची एक चौकट होती. आपल्याकडे लग्न झालेल्या बाईच्या मधल्या नावात नवरा असतो. मी ती चौकट रिकामी सोडली. रागाने नव्हे, असं म्हणणार होते, पण खरं सांगायचं तर थोडं रागानेच. महिन्याभरात परवाना पोस्टाने आला. मी त्याला फ्रेम केली आणि टेबलासमोर लावली.

सेकंडहँड रेडिओ घेतला. मागच्या अंगणातल्या काकांच्या मेपलच्या झाडापर्यंत खिडकीतून एक लांब तार बांधली, ती माझी अँटेना. काकांनी तेव्हा नाक मुरडलं होतं, पण काकू म्हणाल्या, राहू दे, कपडे वाळत घालायची दोरी असती तरी काय बिघडलं असतं. रेडिओची ताकद शंभर वॅटची. मी कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरची माझी खूण, सांगायचे, तिकडून कोणीतरी म्हणायचं, "समवन देअर? तुझा आवाज फार क्षीण आहे," आणि दुसऱ्या जोरदार आवाजाकडे वळायचं. दिवसभर घरात मला कोणी ऐकायला नसे, आणि ज्या एका जागी मी परीक्षा देऊन बोलायचा हक्क मिळवला होता तिथेही माझा आवाज पोचत नव्हता. म्हणून मी रेडिओची ताकद वाढवणारा ॲम्प्लिफायर बांधायला घेतला.

तयार मिळतात. ते मला सगळ्यांनी सांगितलं. पण मला बांधायचा होता.

आमच्या भागातल्या रेडिओ क्लबात एक म्हातारा अमेरिकन होता. जन्मभर रेडिओ स्टेशनांच्या ट्रान्समीटरवर काम करून रिटायर झालेला, कमी बोलणारा. त्याने मला दोन मोठ्या ट्यूब दिल्या. आपण ज्यांना व्हॉल्व्ह म्हणतो त्याच, फक्त घरच्या रेडिओतल्यांच्या चौपट मोठ्या. म्हणाला, माझ्या कपाटात पडून आहेत, कोणीतरी पेटवल्या पाहिजेत. जुन्या रेडिओंच्या बाजारातून ट्रान्सफॉर्मर आणला. तो गाडीतून वर चढवताना नवऱ्याने मला आणि ट्रान्सफॉर्मरला सारख्याच शिव्या दिल्या. कपड्यांच्या ड्रायरसाठी जो मोठा प्लग पॉइंट असतो त्यावर ॲम्प्लिफायर चालणार होता, म्हणून कपडे वाळत असले की माझं काम बंद. आत तीन हजार व्होल्ट फिरणार होते. चूक केली तर दुसरी करायला मी उरणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. झाकण उघडायच्या आधी प्लग काढायचा, थांबायचं, मीटर शून्यावर आलाय हे बघायचं, मग चॅसिसला, म्हणजे खालच्या पत्र्याच्या सांगाड्याला, जोडलेल्या तारेचा आकडा लाकडी दांडीने आत टेकवून उरलीसुरली वीज घालवायची, आणि हा सगळा वेळ डावा हात पाठीमागे. हे नियम मी एकदाही मोडले नाहीत.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी मी बांधत होते. आणि बांधला असा की बघत राहावं.

माझे बाबा एक्स्चेंजमध्येच होते, माझ्या आधी तीस वर्षं. एक्स्चेंजची वायरिंग कशी असते हे ज्याने बघितलंय त्यालाच कळेल. हजारो तारा, पण एकही मोकळी लोंबत नाही. सगळ्या शेजारी-शेजारी, काटकोनात वळलेल्या, मेणाच्या दोऱ्याने ठरावीक अंतरावर गाठी मारून बांधलेल्या. गाठ सैल निघाली तर बाबा अख्खी ओळ उसवायला लावायचे. आणि अर्थ, म्हणजे जमिनीला जाणाऱ्या तारा, त्या सगळ्या एकाच तांब्याच्या पट्टीवर आणायच्या. जिथे सोय पडेल तिथे अर्थ करायचा नाही, तो कामचुकारांचा धंदा. अमेरिकेला निघताना बाबांनी मला त्या मेणाच्या दोऱ्याचं एक रीळ दिलं होतं. याचं तिकडे काय करू, असं मी विचारलं नाही, आणि कशासाठी देतोय हे त्यांनीही सांगितलं नाही.

ते रीळ मी या ॲम्प्लिफायरला वापरलं. दोन्ही ट्यूबच्या सॉकेटांपासून निघालेल्या सगळ्या तारा मी एका बंडलात घेतल्या, काटकोनात वळवल्या, दर बोटभर अंतरावर गाठ मारली, आणि अर्थच्या सगळ्या तारा चॅसिसच्या कडेला बसवलेल्या एका पट्टीवर नेऊन टेकवल्या. सॉकेटपासून ती पट्टी सहा इंचांवर होती. बाबांनी बघितलं असतं तर फक्त मान हलवली असती, आणि तेवढं मला पुष्कळ होतं.

फेब्रुवारीत मी तो क्लबात नेला. झाकण काढल्यावर माणसं गोळा झाली. कोणी म्हणालं, फॅक्टरीतून आल्यासारखा दिसतो. दुसरा एक जण माझ्या खांद्यावरून नवऱ्याकडे बघत म्हणाला, "ब्यूटिफुल वर्क, सर." नवरा म्हणाला, "मी नाही, हिने केलंय," तर तो गृहस्थ हसून म्हणाला, "शुअर, शुअर." माझ्या कानशिलातून वाफा निघत होत्या. अशा वेळी तो म्हातारा वाकला, चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ आत बघत राहिला, आणि सरळ होऊन म्हणाला, "हे सगळं काप. ग्रिडच्या पिना आहेत तिथल्या तिथे चॅसिसला टेकव. या तारा लांब आहेत."

बस एवढंच. का, ते सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. मला वाटलं, आला आणखी एक शिकवणारा. म्हटलं, "थँक यू, मला हे असंच हवंय," आणि झाकण लावलं.

मार्चच्या पहिल्या रविवारी मी पहिल्यांदा पूर्ण ताकदीने बोलले. इटलीतल्या एका माणसाने पहिल्याच हाकेला उत्तर दिलं. तुझा सिग्नल फार मोठा आहे, म्हणाला. मी खुर्चीतून उठून नाचणार इतक्यात खालून धप्प झालं. मग पुन्हा धप्प. आणि तिसऱ्यांदा लाटणं न वाजता जिन्यावर काकांची पावलं वाजली.

"टीव्ही पूर्ण गेला," काका दारातून म्हणाले. "हिने आठवडाभर वाट बघायची आणि तू वरून वाट लावायची, असं कसं चालेल? ही भानगड ताबडतोब बंद कर."

"काका, मला थोडा वेळ द्या. मी दुरुस्त करते."

"एंड ऑफ द मंथपर्यंत. शेवटच्या रविवारी पट्टे दिसले तर ती तार उतरवायची. आणि नुसता तो खोका नाही हं, तारच उतरवायची. रेडिओ कॅन्सल."

तार गेली की सगळंच गेलं. शंभर वॅटचा क्षीण आवाजही गेला. त्या क्षणापासून त्या महिन्यात मला दुसरं काही दिसत नव्हतं.

संध्याकाळी नवरा म्हणाला, "अगं, ॲम्प बंद ठेव ना यार. शंभर वॅटवर बोल. काकांशी मी सेटल करतो. सगळे खुश."

"सगळे म्हणजे कोण?"

"म्हणजे... सगळे."

"त्यात मी धरलीय का?"

तो भला माणूस आहे, पण काही वेळा भल्या माणसांचाच जास्त राग येतो.

रोग काय आहे हे मला पुस्तकांवरून कळत होतं. लग्नाच्या हॉलमध्ये माइक स्पीकरच्या तोंडाशी गेला की शिट्टी सुटते ना, कोणीही बोलत नसताना? तसंच ॲम्प्लिफायरचं होतं. बाहेर पडणारी ताकद कुठून तरी चोरून मागच्या दाराने आत शिरते, पुन्हा मोठी होऊन बाहेर पडते, पुन्हा आत शिरते, आणि मग तो माझ्या आवाजाची वाट न बघता आपला आपणच ओरडायला लागतो. तोही मी ठरवलेल्या जागी नाही, तर कितीतरी वरच्या फ्रिक्वेन्सीवर, जिथे नेमकं काकूंचं चॅनेल असतं. मी बोलते म्हणून पट्टे येत नव्हते. माझा ॲम्प्लिफायर माझं ऐकत नव्हता म्हणून येत होते.

पहिल्या आठवड्यात मी काकूंच्या टीव्हीच्या मागे एक फिल्टर लावला. पट्टे पातळ झाले, गेले नाहीत. दुसऱ्या आठवड्यात ट्यूबच्या डोक्यावर, जिथून ताकद बाहेर निघते तिथे, जाड तारेचे तीन वेढे आणि त्यांच्या पोटात एक रेझिस्टर बसवला. वरच्या फ्रिक्वेन्सीचा जोर तिथेच जिरावा हा त्यातला हेतू. पुस्तकांत हाच उपाय सगळ्यात आधी दिलेला असतो. नागपूरहून आणलेल्या टेस्टरमधला छोटा नियॉन दिवा काढून मी आतल्या कॉइलपाशी बांधला, झाकण बंद केलं, आणि माझा रेडिओ पूर्ण बंद ठेवून नुसता ॲम्प्लिफायर चालू केला. आत काहीच जात नसताना बाहेर काहीच यायला नको. मी बटणं हळूहळू फिरवली. एका जागी ग्रिडच्या मीटरचा काटा उडाला आणि झाकणाच्या जाळीतून तो दिवा पेटलेला दिसला. नारिंगी नाही, जांभळट, म्हणजे ओरड त्या वरच्या फ्रिक्वेन्सीचीच. मग आत निळा उजेड झाला, फट् असा आवाज आला, आणि फ्यूज गेला. खालून काकूंनी विचारलं, "अगं, जिवंत आहेस ना?"

"आहे!" मी ओरडले. रडतही होते, ते त्यांना दिसलं नाही हे बरं झालं.

पुढचे चार दिवस मी सगळं केलं. मधे पत्र्याचं पार्टिशन घातलं. सगळे स्क्रू पुन्हा आवळले. रेझिस्टर बदलले. फक्त एक गोष्ट केली नाही. त्या बंडलाला हात लावला नाही. म्हाताऱ्याचं वाक्य माझ्या डोक्यात होतं आणि मी त्याच्या आजूबाजूने फिरत होते. चौथ्या दिवशी दुपारी मी झाकण उघडून बसले होते आणि मला स्वतःचीच लाज वाटली. मी ॲम्प्लिफायर दुरुस्त करत नव्हते. मी माझ्या गाठी वाचवत होते.

तरी लगेच मानलं नाही. म्हटलं, कापायचं नाही, नुसतं करून बघू. तांब्याच्या पत्र्याची बोटभर रुंद पट्टी कापली आणि एका सॉकेटवर ग्रिडच्या पिनेपासून थेट चॅसिसला टाकली. जेमतेम इंचभर अंतर. बंडल जसंच्या तसं ठेवलं. झाकण लावलं, दिवा बांधला, बटणं फिरवली. काटा उडाला, पण पूर्वीच्या निम्मा, आणि तोही अगदी एका कोपऱ्यात.

मग समजलं, आणि समजल्यावर इतकं सोपं होतं की मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. ग्रिड म्हणजे ट्यूबच्या आत येणाऱ्या आणि जाणाऱ्या ताकदीमधली भिंत. ती भिंत पक्की राहायची तर ती जमिनीला घट्ट टेकलेली हवी. टेलिफोनच्या तारेतून माणसाचा आवाज जातो, आणि आवाजाला सहा इंच म्हणजे काहीच नाही, तिथे बाबांची एक पट्टी बरोबर होती. पण टीव्हीच्या फ्रिक्वेन्सीला सहा इंच तार म्हणजे तार राहतच नाही, ती अडथळा होते. माझी भिंत जमिनीवर नव्हती, हवेत होती. शिवाय जाणाऱ्या आणि येणाऱ्या तारा मी हौसेने एकाच बंडलात शेजारी-शेजारी झोपवल्या होत्या. चोराला मागचं दार मीच उघडून दिलं होतं, आणि वर त्याला मेणाच्या दोऱ्याने तोरण बांधलं होतं.

बाबांची चूक नव्हती. माझी होती. एका ठिकाणचं उत्तम काम मी दुसऱ्या ठिकाणी डोळे मिटून आणलं, आणि कोणी सांगितलं तेव्हा सांगणारा कोण आहे तेवढंच बघितलं.

कात्री घेतली आणि पहिली गाठ कापली. दोऱ्याला अजून त्या रिळाचा वास होता, मेणाचा आणि बाबांच्या हत्यारांच्या पेटीचा. मी हमसून रडले. पाच महिन्यांच्या गाठी होत्या, एकेक करून सगळ्या कापायला अर्धा तास लागला. मग तांब्याची ती कडेची पट्टी स्क्रू काढून उचकटली आणि दुपारभर प्रत्येक पिनेला तिथल्या तिथे जमीन दिली. तारा जिथून जवळ पडतील तिथून तिरप्या, सरळ, कशाही नेल्या. आत येणाऱ्या एकीकडे, बाहेर जाणाऱ्या दुसरीकडे. दिसायला भयंकर दिसत होतं.

मग म्हाताऱ्याला फोन केला. "तुम्ही बरोबर होतात," मी म्हणाले. हे तीन शब्द बोलायला मला जवळजवळ दीड महिना लागला होता.

त्याने एवढंच विचारलं, "पट्ट्या किती लांब?"

"एक इंच."

"अर्धा कर."

फोन ठेवला. मी हसले, आणि अर्धा केला. त्या संध्याकाळी आत काहीही न पाठवता मी प्रत्येक बटण दोन्ही टोकांपर्यंत फिरवलं, प्रत्येक बँडवर. काटा हलला नाही. दिवा अंधारा राहिला. मी पुन्हा सगळं फिरवलं, कारण माझा विश्वास बसत नव्हता.

शेवटचा रविवार आला. माझ्या मीटरने माझ्यापुरतं सांगितलं होतं, पण निकाल माझ्या मीटरचा नव्हता. मी वर ट्रान्समिट करणार, टीव्ही खाली. तो मला दिसणार नाही. दिसणार होता काका-काकूंना. काकू म्हणाल्या, "नेहमीसारखंच. पट्टा आला की मी वाजवीन. नाही वाजवलं तर समज, स्वच्छ आहे." काका खुर्ची टीव्हीच्या अगदी जवळ ओढून बसले.

अकराला मी सुरू केलं. पूर्ण ताकद. हाक दिली, कॉलसाइन सांगितला. पोर्तुगालमधल्या एकाने उत्तर दिलं, मग स्कॉटलंडमधल्या एका बाईने. वहीत प्रत्येक वेळ लिहिली, केव्हा बटण दाबलं, केव्हा सोडलं. बोलत होते त्यांच्याशी आणि कान होते पायाखाली. प्रत्येक वेळी बटण दाबलं की तळपायांना घाम यायचा. बारा वाजले. एकदाही धप्प झालं नाही.

मी वही घेऊन जिना उतरले. टीव्हीवर जाहिरात लागली होती. काकू सोफ्यावर, मांडीवर लाटणं. काका टीव्हीकडेच बघत होते.

"काय काका?"

"थोडे आले होते," काका म्हणाले. "मध्ये एकदा. अगदी थोडे, पण आले. आपलं ठरलं होतं."

वही हातात होती, सगळ्या वेळा लिहिलेल्या होत्या, पण त्या वहीला टीव्ही दिसला नव्हता. पाच महिने आणि एक महिना, आणि शेवटी एका माणसाचा शब्द. मी तोंड उघडणार तेवढ्यात काकू बोलल्या.

"लाटणं माझ्या हातात होतं."

"अगं, तुझं लक्ष नसेल तेव्हा..."

"तासभर मी पापणी हलवली नाही. पट्टा आला असता तर मी वाजवलं असतं. मी वाजवलं नाही."

काकांनी टीव्ही बंद केला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "परवा शेजारचा विचारत होता, ती वायर कसली. न्यूयॉर्कचे टॉवर पडल्यापासून दिवस कसे आहेत तुला माहीत नाही का? आपल्यासारख्यांच्या खिडकीतून तारा निघालेल्या दिसतात, बाई बसून परदेशात बोलते, कोणी पोलिसांना फोन केला तर? पंचवीस वर्षं मी इथे कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. हे घर आहे माझं."

मला त्यांची दया आली, आणि राग दयेपेक्षा जास्त आला.

"मग भीती वाटते म्हणा, काका. मला कळेल. मलाही वाटते. पण पट्टे आले म्हणू नका. ते आले नाहीत. ते मी घालवलेत."

मी वर गेले, टेबलासमोरची फ्रेम काढली आणि खाली आणून काकांच्या हातात दिली. "हा परवाना. सरकारी आहे. कोणी आलं तर दाखवा. लपवण्यासारखं आपण काही करत नाही."

काकांनी चष्मा लावला. अगदी सावकाश वाचलं, वरपासून खालपर्यंत, आणि पुन्हा वरपासून.

"पत्ता आपल्या घराचा आहे," ते म्हणाले.

"हो."

"आणि यात नवऱ्याचं नाव कुठे दिसत नाही."

"नाही काका. लागत नाही."

काकू उठल्या. त्यांनी ती फ्रेम काकांच्या हातातून घेतली आणि पुढच्या दाराशी गेल्या. ड्रॉवरमधून एक खिळा काढला, दारात शिरणाऱ्या कोणालाही समोरच दिसेल अशी जागा बघितली, खिळा भिंतीला धरला आणि लाटण्याने ठोकला. धप्प, धप्प, धप्प. फ्रेम लावली, बोटाने सरळ केली, मागे सरून एकदा बघितली.

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "जा आता वर. बोल."